सहकाऱ्यांशी आणि मित्रांशी बोलताना स्वभावशैलीचा उपयोग कसा करावा: नव्याने शिकणाऱ्यांसाठी

चाकणला वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत मी उत्पादन नियोजनाचे काम करते. या कामात दिवसभर विक्री, टूलरूम (साचे आणि हत्यारे तयार व दुरुस्त करणारा विभाग), क्वालिटी आणि डिस्पॅच (माल रवाना करणारा विभाग) अशा सगळ्या विभागांतल्या माणसांशी बोलावे लागते, आणि माहिती एकच असली तरी ती सगळ्यांना एकाच पद्धतीने सांगून भागत नाही. पुण्यातल्या कंपन्यांमध्ये प्रशिक्षणाचा भाग म्हणून व्यक्तिमत्त्वाच्या चाचण्या आता सर्रास घेतल्या जातात. चाचणी झाली की हातात रंगीत आलेखांचा अहवाल पडतो, पण दुसऱ्या दिवशी कामावर गेल्यावर त्या अहवालाचे करायचे काय, हे बहुधा कोणी सांगत नाही. हा लेख त्या दुसऱ्या दिवसासाठी आहे.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करते. स्वभावशैली म्हणजे माणसाच्या वागण्याबोलण्यात वारंवार दिसणारी ढब. तिच्यावरून आपण आपले पहिले वाक्य कसे मांडावे, एवढेच ठरवायचे असते. समोरचा माणूस चांगला की वाईट, हुशार की मंद, भरवशाचा की नाही, यांपैकी कशाचाही निकाल तिच्यावरून लागत नाही.

1. ही कल्पना कुठून आली, ते थोडक्यात समजून घ्या

माणसांचे स्वभावावरून गट पाडण्याची हौस फार जुनी आहे. आपल्याकडे सत्त्व, रज, तम होते आणि वात, पित्त, कफ या प्रकृतीही होत्या. ग्रीक वैद्यकाने शरीरातल्या चार रसांवरून चार स्वभाव मानले. आधुनिक काळात कार्ल युंग यांनी 1921 मध्ये व्यक्तिमत्त्वाचे प्रकार मांडले आणि त्यांच्या विचारावरून पुढे अमेरिकेत कॅथरिन ब्रिग्ज व त्यांची मुलगी इझाबेल ब्रिग्ज मायर्स यांनी सोळा प्रकारांची प्रसिद्ध चाचणी तयार केली. कार्यालयांमध्ये जी 'डिस्क' चाचणी दिसते, तिचे मूळ विल्यम मार्स्टन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाच्या 1928 च्या मांडणीत आहे. मार्स्टन यांनी स्वतः प्रश्नावली तयार केली नव्हती. चाचण्या नंतर इतरांनी घडवल्या.

संशोधक मात्र आज मुख्यतः पाच गुणांच्या पद्धतीवर भर देतात: नवे अनुभव घेण्याची तयारी, कर्तव्यदक्षता, बहिर्मुखता, जुळवून घेण्याची वृत्ती आणि भावनिक चढउतार. या पद्धतीत माणसाला एखाद्या खणात बसवले जात नाही. प्रत्येक गुण कमी-अधिक प्रमाणात मोजला जातो आणि बहुतेक माणसे मधल्या भागातच येतात. हा मुद्दा लक्षात ठेवावा, कारण पुढे मी चार शैली सांगणार आहे त्या सोयीसाठी आहेत, आणि तुमच्या ओळखीची बरीच माणसे त्यांपैकी दोन शैलींच्या सीमेवर उभी असतील.

2. जवळ काय काय असावे

- एक छोटी वही, जी तुम्ही घरी ठेवाल. सहकाऱ्यांविषयीच्या नोंदी ऑफिसच्या टेबलावर किंवा ऑफिसच्या लॅपटॉपवर ठेवू नयेत.
- तुम्ही स्वतः पाठवलेले अलीकडचे वीसेक मेल आणि मेसेज.
- तुमच्याशी खरे बोलेल असा एक सहकारी आणि एक मित्र.
- कंपनीने चाचणी घेतली असेल तर तिचा अहवाल. हा अहवाल आणखी कोणाकोणाला दिसतो आणि तो वेतनवाढीच्या वेळी पाहिला जातो का, हे एचआरला लेखी विचारून घ्यावे.

चाचणी झालेली नसेल तरी काही अडत नाही. इंटरनेटवरच्या फुकट चाचण्या कुतूहल म्हणून द्याव्यात, निर्णयासाठी वापरू नयेत. ज्यांना शास्त्रशुद्ध चाचणीची खरोखरच गरज आहे, उदाहरणार्थ करिअर बदलण्यापूर्वी, त्यांनी प्रशिक्षित मानसशास्त्रज्ञाकडे जावे. पुण्यात त्यासाठी लांब शोधावे लागत नाही: 1962 मध्ये सुरू झालेल्या ज्ञान प्रबोधिनीत मानसशास्त्रीय चाचण्यांचे काम अनेक वर्षे चालू आहे.

3. सुरुवात स्वतःच्या मेसेजपासून करा

दुसऱ्याला ओळखण्याची घाई सगळ्यांनाच असते, पण आपली शैली माहीत नसेल तर समोरचा आपल्याला नेहमी एक तर फार हळू वाटतो किंवा फार उतावळा. म्हणून ते वीस मेसेज वाचायला बसा आणि प्रत्येकाचे पहिले वाक्य अधोरेखित करा. तुम्ही थेट कामाने सुरुवात करता की आधी विचारपूस करता? तुम्ही 'आज संध्याकाळपर्यंत हवे' असे लिहिता की 'जमल्यास बघाल का' असे लिहिता? कारण आधी देता की मागणी आधी करता?

नंतर गडबडीच्या दिवशी पाठवलेले मेसेज वेगळे काढा. ताणाखाली प्रत्येकाची शैली अधिक गडद होते. कोणाचा आवाज चढतो, कोणी विषय सोडून भलतेच बोलू लागतो, कोणी गप्प होतो, तर कोणी आणखी माहिती मागत राहतो आणि निर्णय पुढे ढकलतो. यांतले तुमचे कोणते, हे त्या सहकाऱ्याला आणि मित्राला विचारा. दोघांची उत्तरे वेगळी आली तर गोंधळून जाऊ नका. बरीच माणसे कामावर एका शैलीने आणि कट्ट्यावर दुसऱ्या शैलीने वागतात, आणि दोन्ही खरी असतात.

4. दोन प्रश्न विचारून समोरच्याची शैली ताडा

पहिला प्रश्न वेगाचा: हा माणूस पटकन बोलतो आणि पटकन ठरवतो, की थांबून, विचार करून? दुसरा प्रश्न लक्ष कुठे आहे याचा: आधी काम, की आधी माणसे? या दोन प्रश्नांच्या उत्तरांतून चार शैली तयार होतात. पुस्तकांमध्ये त्यांना निरनिराळी नावे आणि रंग असतात. मी रोजच्या वापरातली नावे घेते.

धडाडीची शैली म्हणजे वेग जास्त आणि लक्ष कामावर. मोकळी शैली म्हणजे वेग जास्त आणि लक्ष माणसांवर. सबुरीची शैली म्हणजे वेग संथ आणि लक्ष माणसांवर. काटेकोर शैली म्हणजे वेग संथ आणि लक्ष कामाच्या तपशिलावर.

कपडे, आवाज, हस्ताक्षर यांवरून अंदाज बांधू नका. मला सर्वांत उपयोगी पडलेली खूण निराळी आहे: ठरलेला बेत बदलला की माणूस पहिला प्रश्न कोणता विचारतो, ते ऐका. शुक्रवारचा माल सोमवारी जाणार असे सांगितल्यावर धडाडीचा माणूस विचारतो, "मग सोमवारी किती वाजता?" मोकळ्या शैलीचा म्हणतो, "अरे, झालं काय? कोणाकोणाला सांगितलंस?" सबुरीचा विचारतो, "शनिवारी ज्यांना बोलावलंय त्यांचं काय करायचं?" काटेकोर माणसाचा प्रश्न असतो, "कशामुळे? किती नग अडकलेत?" अशा प्रसंगी माणूस तयारीनिशी बोलत नाही, त्यामुळे हा पहिला प्रश्न सहसा फसवत नाही.

निदान दोन आठवडे आणि निदान दोन वेगळ्या जागी पाहिल्याशिवाय वहीत शैलीचे नाव लिहू नका. पुण्यात हे विशेष महत्त्वाचे आहे. इथल्या बैठका इंग्रजी, हिंदी आणि मराठी यांच्या मिश्रणात चालतात. इंग्रजीत चाललेल्या बैठकीत तोंड न उघडणारा मुलगा खाली टपरीवर चहा घेताना मराठीत सगळ्यांना हसवत असतो. त्याला सबुरीचा ठरवले तर तुम्ही फक्त त्याचे इंग्रजी मोजलेले असते. तसेच वरिष्ठांसमोर गप्प बसणे हा हुद्द्याचा परिणाम असू शकतो, स्वभावाचा नव्हे.

बोलीचेही असेच आहे. कोल्हापूरकडचा सहकारी पहिल्याच दिवशी 'काय रे' म्हणून हाक मारतो, नागपूरचा 'करून राहिलो ना' असे निवांत सुरात सांगतो, आणि सदाशिव पेठेत वाढलेला माणूस दोन शब्दांत नकार देऊन मोकळा होतो. यातले बरेचसे त्या त्या भागातल्या बोलण्याच्या रीतीतून आलेले असते. बाहेरून पुण्यात आलेल्यांना इथला थेटपणा धडाडीचा किंवा तुसडेपणाचा वाटतो, पण तोच माणूस निर्णय घेताना चार दिवस कागद तपासत बसतो. रीत आणि स्वभाव वेगळे काढता येण्यासाठीच ते दोन आठवडे लागतात.

5. एकच बातमी चार प्रकारे लिहून पाहा

सरावासाठी एखादी खरी, थोडी अप्रिय बातमी निवडा. आमच्याकडचे नेहमीचे उदाहरण घेते: डाय, म्हणजे सुटे भाग घडवण्याचा साचा, टूलरूममध्ये दुरुस्तीला गेला आहे आणि शुक्रवारचा डिस्पॅच सोमवारी जाणार आहे.

धडाडीच्या माणसाला: "सर, शुक्रवारचा डिस्पॅच सोमवारी सकाळी अकराला निघेल. डाय दुरुस्तीला आहे. शनिवारी अर्धा लॉट आधी पाठवायचा का, एवढं आज सांगा." निष्कर्ष आधी, कारण एका वाक्यात, आणि त्यांनी घ्यायचा निर्णय शेवटी.

मोकळ्या शैलीच्या माणसाला शक्यतो फोन करावा. "तुम्ही कस्टमरशी बोलता तेव्हा ते ऐकतात, म्हणून आधी तुम्हाला फोन केला. डिस्पॅच सोमवारवर गेलाय. त्यांना कसं सांगू या?" यात कौतुक आहे, पण ते खरे असेल तरच करावे. फोननंतर तारीख आणि नग लिहून पाठवणे मात्र विसरू नये, कारण अशा गप्पांमधून तपशील हमखास निसटतो.

सबुरीच्या माणसाला: "दादा, एक बदल आहे, आधीच सांगते म्हणजे तुम्हाला धावपळ होणार नाही. डिस्पॅच सोमवारी जाईल. शनिवारी ज्यांना बोलावलं होतं त्यांना मीच कळवते. सोमवारी सकाळी दोन माणसं लागतील, ते जमेल का बघून दुपारी सांगाल?" इथे बदलाची पूर्वसूचना, माणसांची सोय आणि उत्तराला वेळ, या तीनही गोष्टी हव्यात. हाच निरोप ऐनवेळी दिला तर असा माणूस 'हो' म्हणतो आणि मनातून दुखावतो.

काटेकोर माणसाला मेल करावा. डाय कधी काढला, दोष कोणता, दुरुस्तीनंतर पहिले नग कधी तपासले जातील, किती नग अडकले आहेत, हे ओळीने लिहावे आणि जे अजून ठरलेले नाही ते 'अजून ठरलेले नाही' असे स्पष्ट लिहावे. अशा माणसाला अंदाजाने सांगितलेला आकडा पुढे चुकला, तर त्यानंतरचा तुमचा प्रत्येक आकडा तो दोनदा तपासतो.

चारही निरोपांत वस्तुस्थिती एकच आहे, हे पुन्हा वाचून खात्री करा. क्रम, माध्यम आणि सूर बदलायचा. माहिती बदलायची नाही. एकाला 'काळजीचं काही नाही' आणि दुसऱ्याला 'परिस्थिती गंभीर आहे' असे सांगितले असेल, तर ते दोघे कँटीनमध्ये भेटेपर्यंतच तुमचा विश्वास टिकेल.

6. बैठकीत आणि चूक दाखवताना

बैठकीचे विषय आदल्या दिवशी पाठवा. सबुरीच्या आणि काटेकोर माणसांना त्यामुळे बोलण्याची तयारी करता येते. बैठकीत पहिली फेरी अशी ठेवा की प्रत्येकाने एक मिनिट बोलावे आणि कोणी मध्ये तोडू नये. नाहीतर पटकन बोलणारे दोघेतिघेच सगळे ठरवतात आणि उरलेल्यांचे आक्षेप बैठकीनंतर जिन्यात ऐकू येतात.

चूक दाखवणे हा सर्वांत नाजूक प्रसंग. ती चारचौघांत दाखवू नये, हा नियम सगळ्याच शैलींना लागू आहे. त्यापुढे फरक पडतो. धडाडीच्या माणसाला लांबलचक प्रस्तावना नको असते; काय बिघडले आणि काय हवे, ते सांगावे. काटेकोर माणसाने स्वतःची चूक तुमच्याआधी पाहिलेली असते आणि तो स्वतःला बोल लावत असतो, म्हणून त्याच्याशी पुढच्या वेळच्या पद्धतीविषयी बोलावे. सबुरीच्या माणसाशी बोलताना 'तुमच्यावरचा विश्वास कमी झालेला नाही' हे शब्दांत सांगावे लागते, ते गृहीत धरून चालत नाही. मोकळ्या शैलीच्या माणसाला आधी त्याची बाजू सांगू द्यावी आणि उठण्यापूर्वी ठरलेले मुद्दे त्याच्याच तोंडून वदवून घ्यावेत.

7. मित्रमंडळीत वापरताना

मैत्रीत हे सगळे फार हलक्या हाताने करावे. मित्राचा अभ्यास चालला आहे असे त्याला जाणवले तर त्याला ते आवडणार नाही, आणि ते योग्यच आहे.

रविवारी सिंहगडावर जायचा बेत घ्या. ग्रुपवर कोणीतरी 'या रविवारी सिंहगड?' असे टाकतो. एकजण लगेच लिहितो, 'पहाटे साडेपाच, आतकरवाडीत भेटू.' दुसरी हसऱ्या चेहऱ्यांची रांग टाकून आणखी चौघांना बोलावते आणि पिठलं-भाकरीची चर्चा सुरू करते. तिसरी विचारते, 'गाड्या किती? परत किती वाजता? पाऊस असेल तर?' चौथा लिहितो, 'मला काय, कसंही चालेल.'

इथे दोन माणसांवर अन्याय होण्याची शक्यता असते. तिसरीला सगळे 'उगाच फाटे फोडते' म्हणून गप्प करतात, वास्तविक तिच्या तीन प्रश्नांची उत्तरे दिली तर ती सर्वांत आधी तयार होऊन उभी राहील. ती उत्तरे एका मेसेजमध्ये देऊन टाकावीत. चौथ्याच्या 'कसंही चालेल' या शब्दांवर तर मुळीच विसंबू नये. त्याला ग्रुपवर न विचारता स्वतंत्र मेसेज करावा आणि दोन ठोस पर्याय द्यावेत: 'पहाटे निघू या की दुपारनंतर? तुला शनिवारी रात्रपाळी आहे ना?' मग कळते की त्याला पहाट जमणारच नव्हती आणि तो न झोपता येणार होता. सबुरीच्या मित्रांशी मैत्री टिकवण्यासाठी याहून उपयोगी सवय मला ठाऊक नाही. ही माणसे स्वतःहून काही मागत नाहीत, आणि वर्षानुवर्षे दुसऱ्यांच्या सोयीने चालून एक दिवस ग्रुपमधून शांतपणे बाहेर पडतात. बाकीच्यांना कारणही कळत नाही.

खोली भागीदारीने घेऊन राहणाऱ्यांसाठी एक सूचना. भांडी, भाडे आणि पाहुणे या तीन विषयांवर काटेकोर आणि मोकळ्या शैलीच्या माणसांचे खटके उडतातच. खर्च लिहून फ्रिजवर लावणे हे एकाला अविश्वासाचे वाटते आणि दुसऱ्याला निर्धास्त करणारे. राहायला येण्यापूर्वीच, सगळे आनंदात असताना, यावर बोलून घ्यावे.

8. इथे पाय घसरतो

अहवाल तंतोतंत जुळतो असे वाटणे. 1948 मध्ये अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बर्ट्रम फोरर यांनी 39 विद्यार्थ्यांची चाचणी घेतली आणि प्रत्येकाला 'तुमचे खास वर्णन' म्हणून एकच मजकूर दिला, जो बराचसा ज्योतिषाच्या पुस्तकातून घेतला होता. विद्यार्थ्यांनी त्याच्या अचूकतेला 5 पैकी सरासरी 4.26 गुण दिले. म्हणून अहवाल वाचताना प्रत्येक वाक्यापुढे विचारावे: हे माझ्या शेजारी बसणाऱ्यालाही लागू पडेल का? पडत असेल तर ते वाक्य सोडून द्यावे.

'माझा स्वभावच तसा आहे' असे म्हणणे. धडाडीच्या शैलीच्या नावाखाली आरडाओरडा किंवा मोकळ्या शैलीच्या नावाखाली दिलेली वेळ न पाळणे चालवून घेऊ नये. स्वतःचेही नाही आणि वरिष्ठांचेही नाही. अपमान करणाऱ्या साहेबांशी जुळवून कसे घ्यावे हा शैलीचा प्रश्न नाही. ती तक्रार योग्य ठिकाणी करण्याची गोष्ट आहे.

शैलीवरून कामे वाटणे. 'ती शांत आहे, तिला कस्टमरसमोर नको' असे ठरवले की तिची वाढ तिथेच थांबते. नोकरभरतीत तर हे टाळावेच. मायर्स-ब्रिग्ज चाचणीचे प्रकाशकही ती निवडीसाठी वापरू नये असे सांगतात. पुन्हा चाचणी दिल्यावर अनेकांचा प्रकार बदलतो, हेही विसरू नये.

तोंडावर शिक्का मारणे. 'तू ना, अगदी काटेकोर आहेस' हे कौतुकाने म्हटले तरी समोरच्याला बोचते. शैलींची नावे वहीत राहू द्यावीत.

गोड बोलून काम काढून घेणे. ज्याला नकार देता येत नाही हे तुम्ही ओळखले आहे, त्याच्याकडेच जादा काम सरकवणे हा या ज्ञानाचा गैरवापर आहे. अशा माणसाला काम सांगताना 'नाही म्हटलं तरी चालेल, मी दुसरी सोय करू शकते' हे वाक्य जोडावे, आणि त्याने नाही म्हटले तर खरोखरच दुसरी सोय करावी.

9. महिनाभराने अंदाज तपासून पाहा

वहीत चारपाच माणसांपेक्षा जास्त नावे नकोत. प्रत्येकापुढे तीन गोष्टी लिहा: तुमचा अंदाज, तुम्ही बोलण्यात केलेला बदल आणि त्यानंतर काय घडले. उत्तर लवकर आले का, खुलासा पुन्हा मागावा लागला का, समोरच्याने स्वतःहून काही सांगितले का, एवढे पाहावे. काहीच फरक पडला नसेल तर अंदाज चुकला असे समजून खोडून टाकावे, समोरच्याला दोष देऊ नये.

ज्यांच्याशी रोज काम पडते त्यांना थेट विचारणे हा मात्र सगळ्यांत चांगला मार्ग आहे. "असा काही बदल झाला तर तुम्हाला फोन करू की मेल? आधी थोडक्यात सांगू की सगळं एकदमच?" हा प्रश्न मी टूलरूममधल्या वयाने मोठ्या काकांना विचारला, तेव्हा ते म्हणाले, "मेल कर, पण टाकलायस ते इथं येऊन सांग." अशी उत्तरे मिळाली की त्या माणसापुढचे शैलीचे नाव खोडून त्याचेच शब्द लिहावेत, आणि त्याचा विभाग, पाळी किंवा साहेब बदलला की पुन्हा एकदा विचारावे.